नवा कॉम्प्युटर तापतोय? आधी तवा आठवा!



दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं असताना दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मुलानं सुटे भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडला, पण प्रोसेसर भयंकर तापतो. काय करावं?" हातात ताट घेऊन याचं नीट उत्तर देणं काही जमलं नाही. पण आमच्या घरी, इथे एनस्खेडेत, गेल्या ऑगस्टमध्ये हेच रामायण घडलं होतं आणि त्यात निम्मी चूक माझी होती. तेव्हा सविस्तरच लिहितो. कोणाचे चार पैसे आणि एखादं घरगुती भांडण वाचलं तर बरंच!

आमच्या घरची गोष्ट

मुलगा सतरा वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुपरमार्केटमध्ये माल रचून त्यानं पैसे साठवले आणि साधारण साडेआठशे युरोंत स्वतःचा डेस्कटॉप जोडला. इंटेलचा बाराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, बाकी भागही नवे. फक्त कूलर एका गृहस्थांकडून वापरलेला घेतला, तेवढीच बचत. शाळेच्या शेवटच्या वर्षाचा मोठा प्रकल्प, म्हणजे प्रोफीलवेर्कस्टुक, त्याला याच मशीनवर करायचा होता. एनस्खेडे हे एके काळी कापडगिरण्यांचं गाव, अगदी आपल्या इचलकरंजीसारखं. तशा एका गिरणीचं त्रिमितीय चित्र तो तयार करत होता. असलं चित्र रंगवताना प्रोसेसरचा अगदी घाम निघतो.

मशीन पहिल्या फटक्यात सुरू झालं. पेढे वाटायचेच बाकी होते! पण चित्राचं काम चालू करताच तीन सेकंदांत तापमान १०० अंशांवर. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करायचा आणि वीस मिनिटांच्या कामाला तास लागायचा.

आता माझा अनुभव मध्ये आला. मी माझा पहिला कॉम्प्युटर २००१ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग आणून जोडला होता. मे महिन्यात तो तापला की आम्ही काय करायचो? कॅबिनेटची एक बाजू उघडायची आणि समोर टेबल फॅन लावायचा. त्यामुळे मी छातीठोकपणे सांगितलं, "आत हवा खेळत नाहीये. अजून दोन पंखे मागव." पंखे आले, बसवले. १०० चे १०० च! मग मी म्हणालो, "प्रोसेसरच खराब निघाला. परत कर, चौदा दिवस अजून संपलेले नाहीत."

मुलगा म्हणाला, "बाबा, थांब ना. आधी मोजूया, मग ठरवू."

त्याचं बरोबर होतं. ते कसं, ते आता बघू.

उष्णतेची वाट

प्रोसेसरमधली उष्णता खोलीत पोहोचेपर्यंत तिला काही टप्पे पार करावे लागतात. आधी चिपवरचं धातूचं झाकण, मग थर्मल पेस्टचा पातळ थर, मग कूलरचा तळ आणि पत्रे, मग कॅबिनेटमधली हवा, आणि शेवटी खोलीतली हवा. वाट यांपैकी कुठेही अडली तरी पडद्यावर एकच दिसतं, वाढलेलं तापमान. म्हणून नुसत्या आकड्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही.

यातला सगळ्यात नाजूक टप्पा म्हणजे झाकण आणि कूलर यांचा सांधा. हे समजायला आपल्या स्वयंपाकघरात या. भारतातून हौसेनं आणलेला खोलगट तवा इथल्या सपाट काचेच्या शेगडीवर ठेवून बघितलाय ना? भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. शेगडीत दोष नाही, तव्यातही नाही. दोघांची गाठच नीट पडत नाही! मध्ये राहिलेली हवा उष्णता फार वाईट रीतीनं वाहून नेते. तांबं हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगलं वाहक आहे.

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन धातूचे पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर खडबडीतच असतात. त्या खाचांमधली हवा हुसकावून लावणं एवढंच पेस्टचं काम. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी कमी प्रतीची वाहक आहे, म्हणून थर पातळच हवा. जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं मुळीच नाही.

कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद काढायचा राहून जाणं, ही नवशिक्यांची प्रसिद्ध चूक. हिशेब करून बघा : कागद अर्ध्या दशांश मिलिमीटरचा धरला आणि प्रोसेसर १०० वॉट खात असेल, तर नुसत्या त्या कागदामुळे तापमान साधारण २५ अंशांनी वाढतं.

खरंच बिघाड आहे का?

घाबरण्याआधी हे बघा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप असा एखादा मोफत प्रोग्रॅम लावा. काही काम चालू नसताना ३० ते ४५ अंश, खेळताना ६० ते ८०, आणि पूर्ण ताणाच्या चाचणीत ८०-९० असेल तर निवांत राहा. बायॉसच्या पडद्यावर आकडा थोडा जास्त दिसतो, कारण तिथे प्रोसेसर बहुधा पूर्ण विश्रांती घेत नाही. एएमडीचे २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन काम करतील असेच बनवलेले आहेत. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास असते. त्या मर्यादेला टेकून वेग घसरत असेल, तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

एक दिलासा : आजचे प्रोसेसर सहसा जळत नाहीत. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं चालू मशीनवरचा कूलर काढून दाखवला होता. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत जळाला आणि इंटेलचा पेंटियम ४ वेग कमी करून तगला. आता सगळेच प्रोसेसर स्वतःला सांभाळतात, आणि अगदीच असह्य झालं तर मशीन बंद करतात.

दोन साध्या चाचण्या

पहिली चाचणी : तापमान किती चढतं यापेक्षा किती वेगानं चढतं ते घड्याळ लावून बघा. ताण देताच दोन-तीन सेकंदांत थेट मर्यादेला भिडलं, तर संशय सांध्यावर. कूलर म्हणजे अर्धा-पाऊण किलो धातू. उष्णता त्याच्यात शिरत असती तर त्याला तापायला वेळ लागला असता. उलट, तापमान दहा-वीस मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर कूलर आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये.

दुसरी चाचणी : कॅबिनेटची बाजू उघडा आणि तोच ताण पुन्हा द्या. तापमान पाच-दहा अंशांनी उतरलं तर दोष हवेच्या वाटेत. काहीच फरक पडला नाही तर सांध्यात. म्हणजे माझा पुण्याचा टेबल फॅन अगदीच टाकाऊ नव्हता! फक्त मी त्याला औषध समजत होतो, आणि तो होता थर्मामीटर.

आमच्याकडे तापमान तीन सेकंदांत चढत होतं आणि बाजू उघडून एका अंशाचाही फरक पडला नाही. दोन्ही बोटं सांध्याकडेच होती. माझे नवे पंखे फुकटच गेले.

कूलर काढताना आणि बसवताना

१. आधी कूलरचा पंखा फिरतोय ना आणि त्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच आहे ना, ते बघा. पाण्याचा कूलर असेल तर पंपाची जोडणी तपासा.

२. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग बंद करा, प्लग काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये सरळ वर ओढलं तर प्रोसेसरही कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

३. पुसण्याआधी पेस्टचा ठसा नीट बघा, शक्यतो फोटो काढा. सगळा पुरावा तिथेच असतो! ठसा सगळीकडे पातळ आणि सारखा असेल तर सांधा चांगला. कुठे जाड गोळा आणि कुठे कोरडं असेल तर कूलर तिरका किंवा अधांतरी बसलाय.

४. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त.

५. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर कूलर तिरका बसणार.

आमच्या कूलरखालचा कागद मुलानं काढलेला होता. मी उगाच त्याच्यावर आरोप केला होता, तो जाहीरपणे मागे घेतो! पण ठशात एका बाजूला पेस्ट जशीच्या तशी जाड, आणि दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. मुलानं मग कूलरच्या डब्यातल्या पिशव्या पुन्हा पालथ्या केल्या. कूलर ज्या चार छोट्या खांबांवर बसतो त्यांचे दोन संच होते, दिसायला अगदी जुळे. एक इंटेलच्या जुन्या सॉकेटसाठी, दुसरा एलजीए १७०० साठी. २०२१ मध्ये बाराव्या पिढीबरोबर आलेल्या या सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंची आधीपेक्षा थोडी कमी आहे. फरक जेमतेम मिलिमीटरच्या आतला. जुने खांब लावल्यामुळे कूलर नुसता टेकला होता, दाबला गेला नव्हता.

खांब बदलले, पेस्ट नव्यानं लावली, मी टॉर्च धरून उभा. तेच चित्र, तोच ताण. तापमान सावकाश चढत ७६ वर स्थिरावलं. खर्च शून्य. गिरणीचं चित्र वीस मिनिटांत पूर्ण झालं. मुलानं माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

सांधा ठीक असेल तर

पंख्यांची दिशा बघा. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या दिसतात, तिकडे हवा बाहेर पडते. दोन पंखे समोरासमोर उलटे लागले तर हवा आतल्या आत घुसमटते.

बायॉस बघा. काही मदरबोर्ड मूळ मर्यादेपेक्षा जास्त वीज प्रोसेसरला आपणहून देतात. ती मर्यादा ठरलेल्या आकड्यावर आणली तर वेग थोडासाच कमी होतो, तापमान मात्र बरंच उतरतं. तुमच्याकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायॉस अद्ययावत कराच. त्यांतल्या काहींमध्ये जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होत होता. २०२४ मध्ये इंटेलनं त्यावर दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आणि खोली बघा. इथे बहुतेक घरांत एसी नाही आणि मुलांची खोली बरेचदा झोल्डरवर, थेट छपराखाली. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो. २५ जुलै २०१९ ला नेदरलंड्सनं इतिहासात पहिल्यांदाच ४० अंश ओलांडले. खिल्झे-रायेनला ४०.७ ची नोंद झाली. अशा दिवशी कॉम्प्युटरला दोष देऊ नका, त्यालाही सुट्टी द्या.

परत करण्याआधी

ऑनलाइन दुकानातून घेतलेली वस्तू मिळाल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे, पण वापराच्या खुणांमुळे पैसे कापले जाऊ शकतात. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला कायद्यानं हा हक्क नाही, आणि खासगी माणसाकडून वापरलेलं घेतलं तर मुळीच नाही. वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०२२ पासून इथे पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं. तसं नाही हे दुकानदारानं दाखवायचं. तेव्हा चौदा दिवसांच्या धास्तीनं घाईत निर्णय घेऊ नका. आमचा निर्दोष प्रोसेसर परत गेला असता, नवा आला असता, आणि तोही तीन सेकंदांत तापला असता.

तुमच्याकडे असा काही अनुभव असेल तर जरूर कळवा. आणि हो, ते दोन जादा पंखे आमच्याकडे पडून आहेत. एनस्खेडेत कोणाला हवे असतील तर चहाला या आणि घेऊन जा!