पाहुणा भलत्याच शिरोड्याला गेला तर?

समजा, तुमच्या काकूंनी शिरोड्यात, वेळागर किनाऱ्याजवळ दोन खोल्यांचं होमस्टे सुरू केलंय आणि वेबसाइटचं काम अर्थातच तुमच्या गळ्यात पडलंय. डोक्यात ड्रोन व्हिडिओ, अ‍ॅनिमेशन... थांबा! आधी पत्ता लिहा.

कारण या नावाची गावं दोन आहेत. एक आपलं, वेंगुर्ला तालुक्यातलं, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं. दुसरं गोव्यात, फोंडा तालुक्यात. नुसतं 'शिरोडा' लिहिलंत, तर पाहुणा तिकडे पोहोचायचा आणि इकडे काकूंची सोलकढी वाट बघत बसायची.

म्हणून पहिल्याच स्क्रीनवर तालुका-जिल्ह्यासकट पत्ता, मॅपची लिंक, भाडं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण हवं. 'दरासाठी संपर्क करा' म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. फोटो खऱ्या खोलीचेच टाका, बाथरूमसकट. पण साइज कमी करून. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले, तर निम्म्याहून अधिक लोक निघून जातात, असं गूगलने २०१६मध्येच सांगितलंय.

शेवटी एक टेस्ट. शिरोडा कधीच न पाहिलेल्या मित्राच्या हातात फोन द्या. कुठे यायचं, किती पैसे, कुणाला फोन? त्याने तुम्हाला काहीच न विचारता सांगितलं, तर जमलं!