प्रश्नचिन्हाची लस

बंड्याच्या लशींच्या बिलावर या वेळी एक ओळ जास्तीची होती. लेप्टो. दवाखान्यातल्या डॉक्टर म्हणाल्या, "सक्ती नाही, पण घ्या असं मी सांगेन. आज एक डोस, दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, आणि मग दर वर्षी एक." डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्व्हो असल्या जीवघेण्या रोगांची लस त्याला तीन वर्षांतून एकदा पुरते. मग ही एकटीच दर वर्षी का? विचार करून सांगते म्हटलं आणि घरी आले.

आमचं घर केलीव्हिलला, सिडनीच्या वायव्येला. विटांची नवी घरं, नीट कापलेली हिरवळ, खांबांवरून जाणारी मेट्रो आणि मधूनमधून झाडीत लपलेले ओढे. त्यांतल्या कॅडीज क्रीकच्या काठाने आम्ही दोघं रोज फिरतो. बंड्या लॅब्रॅडोर आहे, म्हणजे पाणी दिसलं की त्याचं तोंड त्यात गेलंच. घरी भांडंभर स्वच्छ पाणी असतं, पण त्याला चव लागते ती डबक्याची.

संध्याकाळी चिपळूणला फोन केला. आई म्हणाली, "लेप्टो? अगं, तो तर आपल्याकडचा. पुरानंतर घरातला चिखल काढत होतो तेव्हा आशाताई गोळ्या देऊन गेल्या होत्या, आठवतंय ना? तुमच्याकडे कुठून आला तो?"

आठवत होतं. 22 जुलै 2021, वाशिष्ठीचं पाणी, आणि नंतरचे कित्येक दिवस व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या भिंतींवरच्या ओल्या रेघा. गोळ्या डॉक्सिसायक्लिनच्या होत्या. मुंबईकरांनाही हे नाव नवीन नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने माणसं गेली. तेव्हापासून पाणी तुंबलं की पालिका सांगते, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका, उतरलात तर गोळी घ्या. भातखाचरात उभं राहून लावणी करणाऱ्या कोकणाला तर हा आजार पाठच आहे. पण तो इथे, या कोरड्या, टापटीप उपनगरात, एका कुत्र्याच्या बिलावर?

आईच्या प्रश्नामागे लागले आणि पुढचे पंधरा दिवस दुसरं काही वाचलंच नाही.

पहिलं आश्चर्य त्या जंतूच्या दिसण्याचंच. 1907 साली आर्थर स्टिम्सन नावाचा अमेरिकन डॉक्टर न्यू ऑर्लिन्समधल्या एका मृत रुग्णाच्या मूत्रपिंडाचे काप तपासत होता. रुग्ण पीतज्वराने गेला अशी समजूत होती. चांदीचा क्षार वापरून रंगवलेल्या त्या कापांत, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये, त्याला पिळदार धागे दिसले. टोकाशी आकडा, मधे बाक. हुबेहूब प्रश्नचिन्ह. त्याने नाव दिलं इंटरोगन्स, म्हणजे प्रश्न विचारणारा. आजही जातीचं अधिकृत नाव लेप्टोस्पायरा इंटरोगन्स असंच आहे. हा आजार त्याआधीच, 1886 मध्ये, जर्मनीतल्या अडॉल्फ वाइल यांनी वर्णन करून ठेवला होता: ताप, कावीळ, निकामी होत जाणारी मूत्रपिंडं. पण वाइल यांच्याकडे आजार होता, जंतू नव्हता. स्टिम्सनकडे जंतू होता, पण त्याचा आजार कोणता हे त्याला कळलं नव्हतं. दोन्हींची गाठ घातली ती 1915 च्या सुमारास जपानच्या क्यूशू बेटावरच्या इनादा आणि इदो यांनी, कोळसा खाणीतल्या मजुरांच्या रक्तावरून. खाणीत ओल, मजुरांचे पाय उघडे, आणि सोबतीला उंदीर.

हा धागा इतका बारीक की माणसाच्या एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी सहा-सातशे मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत लेप्टो दिसतच नाही. त्यासाठी मागचा प्रकाश अडवून फक्त बाजूने उजेड टाकावा लागतो. मग काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर रुपेरी तंतू स्वतःभोवती गिरक्या घेताना दिसतात. मी त्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली. इतर बहुतेक पोहणाऱ्या जंतूंची शेपटी बाहेर असते, याची शरीराच्या आत, दोन आवरणांच्या मधे गुंडाळलेली. ती फिरली की सगळं अंगच स्क्रूसारखं पुढे घुसतं. त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा घट्ट, चिकट द्रवात हा अधिक वेगाने जातो. पाण्यात भिजून मऊ पडलेली कातडी, एखादा ओरखडा, डोळ्याचा ओलावा, डबक्यात बुडवलेली जीभ, एवढी वाट त्याला पुरते.

आणि उंदीर? उंदराला काहीच होत नाही. त्याच्या मूत्रपिंडातल्या नळ्यांना हे धागे आतून चिकटून राहतात, शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यांना तिथे गाठू शकत नाही, आणि उंदीर जन्मभर हिंडत-फिरत, धडधाकट, त्यांना लघवीवाटे बाहेर सोडत राहतो. कोवळ्या उन्हात सुकलेल्या फरशीवर लेप्टो लगेच मरतो, समुद्राच्या खारट पाण्यात टिकत नाही. पण उबदार ओल्या मातीत आणि गोड्या पाण्याच्या डबक्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो.

आता सिडनी. इथल्या कुत्र्यांमध्ये हा आजार कित्येक दशकं जवळपास विस्मरणात गेला होता. 2017 पासून तुरळक, आणि 2019 मध्ये एकामागून एक कुत्रे आजारी पडू लागले. शहराचा मध्यभाग आणि त्याला लागून असलेली इनर वेस्टची जुनी दाट वस्ती, तिथले पाळीव, लाडाकोडाचे, रोज आंघोळ घातलेले कुत्रे. सिडनी विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 2017 ते 2020 या काळातल्या रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतले बहुसंख्य वाचले नाहीत. तेव्हा शहरात जिकडे तिकडे खोदकाम चालू होतं, मेट्रोचे बोगदे, ट्रामचे रूळ. बिळं उकरली गेली की उंदीर नवी जागा शोधणारच, असं पुष्कळांनी बोलून दाखवलं. ते सिद्ध झालेलं नाही, आणि मी ते तेवढंच धरते. पावसाचा हिशेब मात्र पक्का आहे: 2022 हे सिडनीत 1858 पासूनच्या नोंदींतलं सर्वांत ओलं वर्ष ठरलं, अडीच हजार मिलिमीटरच्या वर.

योगायोग असा की आमची केलीव्हिलची मेट्रोही 26 मे 2019 लाच सुरू झाली. तेव्हा ती चॅट्सवुडपर्यंतच जायची. ऑगस्ट 2024 पासून थेट सिडनहॅमला, इनर वेस्टच्या दारात जाते. कुत्र्यांना मेट्रोत नेता येत नाही, पण मोटारीला कोण अडवतं? माझी मैत्रीण न्यूटाउनला राहते. महिन्यातून एका रविवारी आम्ही बंड्याला घेऊन सिडनी पार्कात भेटतो. तिथे तळी आहेत. बाकी सांगायला नको.

पण कुत्र्यांच्याही आधी या देशात लेप्टोच्या खर्चाचा हिशेब एकदा मांडला गेला होता, आणि तो मांडणारे होते ऊसतोड कामगार. उत्तर क्वीन्सलंडमधल्या इंगहॅम भागात 1930 च्या दशकात उसाच्या फडात तोडणी करणारे तरणेताठे पुरुष ताप-काविळीने मरू लागले. फडात उंदीर, पाचटावर उंदरांची लघवी, आणि पाचटाने चिरलेले हात. कामगारांचं म्हणणं साधं होतं: तोडणीआधी फड पेटवा. उंदीर पळतील, पाचट जळेल, जंतू मरेल. कारखान्यांची हरकत होती की जळलेल्या उसाची साखर घटते. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. जळीत उसाच्या दराला कात्री लागते हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 1934 मध्ये इंगहॅममध्ये फड जाळायचा आदेश निघाला, पुढच्या हंगामात तो उठवल्यावर 1935 मध्ये मोठा संप झाला. टनामागे थोडी साखर एका पारड्यात, तोडणाऱ्याचं मूत्रपिंड दुसऱ्यात. मला त्या कामगारांबद्दल अपार आदर वाटतो. जंतू त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण तो कुठे राहतो हे हातांवरच्या चिरांनी त्यांना सांगितलं होतं.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. दर वर्षी का?

डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात थोडा वाढतो, शरीर त्याच्याशी खरीखुरी झुंज घेतं, आणि ती आठवण वर्षानुवर्षं टिकते. लेप्टोच्या लशीत मेलेले जंतू असतात. शरीर ओळखतं ते मुख्यतः त्यांच्या बाहेरच्या आवरणाला, साखरेच्या साखळ्यांनी मढवलेल्या एका थराला. प्रथिनांची ओळख शरीर खोल कोरून ठेवतं, साखरेची ओळख मात्र पुसट होत जाते. म्हणून सुरुवातीला दोन डोस, म्हणून दर वर्षी उजळणी.

त्यातही मेख अशी की हे आवरण प्रत्येक उपप्रकाराचं वेगळं. असे अडीचशेहून अधिक उपप्रकार माहीत आहेत, आणि एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. सिडनीच्या कुत्र्यांत प्रामुख्याने सापडला तो कोपनहेगेनी, डेन्मार्कच्या राजधानीचं नाव मिरवणारा, जगभरच्या गटारी उंदरांचा नेहमीचा सोबती. इथे बरीच वर्षं मिळत असलेली लस नेमकी त्याच्याविरुद्धची आहे. क्वीन्सलंडच्या उसाच्या पट्ट्यातले प्रकार निराळे, तिथल्या कुत्र्याला या लशीचा उपयोग मर्यादित. म्हणजे लशीची किंमत दवाखान्यातल्या फलकावर छापता येते, पण तिचं मोल तुमच्या पायाखालच्या मातीत कोणता लेप्टो आहे त्यावर ठरतं! म्हणूनच लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात: जिथे लेप्टो नेहमी आढळतो, प्रकार माहीत आहेत आणि त्यांना लागू पडणारी लस मिळते, तिथे ती प्रत्येक कुत्र्याला द्यावी. अमेरिकी तज्ज्ञांनी 2023 मध्ये याहून पुढे जाऊन सगळ्याच कुत्र्यांना, शहरी असो वा शेतावरचा, दर वर्षी द्या असं सांगितलं.

मग पैशांचं बोलू. पहिल्या वर्षीचे दोन डोस दीड-दोनशे डॉलरच्या आसपास पडतात, पुढे त्याच्या निम्मे. उलट बाजूला सलाइन, पेनिसिलिन, रक्ताच्या तपासण्या, नशीब फिरलं तर डायलिसिस. सिडनीत कुत्र्यांच्या अतिदक्षता विभागातला एकेक दिवस हजार डॉलर सहज ओलांडतो. अर्थात केलीव्हिलच्या कुत्र्याला लेप्टो होण्याची शक्यता थोडीच आहे, आणि नुसता गुणाकार केला तर लस महाग दिसेल.

माझं मन वळलं ते तपासणीच्या गोष्टीने. आजारी कुत्र्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग प्रयोगशाळेत जिवंत लेप्टोंमध्ये मिसळतात, आणि त्याच काळ्या पार्श्वभूमीवर बघतात. कुत्र्याच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर ते गिरक्या घेणारे धागे एकमेकांना चिकटून गोळा होतात. रक्त अधिकाधिक पातळ करत जायचं, आणि निम्मे जंतू चिकटलेले ज्या पातळीला शेवटचे दिसतील ती नोंदवायची. 1918 पासून ही चाचणी तशीच चालू आहे. पण पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात, तेव्हा चाचणी गप्प राहते. नव्या पीसीआर चाचण्या जंतूचा डीएनए लवकर पकडतात, पण त्या करायचं डॉक्टरांच्या मनात तर यायला हवं. सुरुवातीला कुत्रा फक्त जेवत नाही, उलटी करतो, मरगळून पडतो. बंड्या वर्षातून चारदा असं करतो, बहुधा कोणाचा तरी सॉसेज चोरून खाल्ल्यावर. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसेपर्यंत यकृत आणि मूत्रपिंडं पुष्कळशी गेलेली असतात, आणि मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही.

शिवाय आजारी कुत्र्याच्या लघवीतून जंतू घरात येतो. आमच्याकडे जाजम पुसते ती मी, आणि बंड्याच्या पोटावर डोकं ठेवून गोष्टी ऐकते ती माझी सात वर्षांची लेक.

परवा दुसरा डोस झाला. डॉक्टरांनी कुपीवरचा चिकट कागद सोलून बंड्याच्या पुस्तिकेत लावला, जवळून पाहिला तर त्यावर बारीक अक्षरांत कोपनहेगेनी लिहिलेलं. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच उलटा प्रश्न: "आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना कोण देतं गं ही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत येताना पाऊस पडून गेला होता. खांबांवरून मेट्रो गेली, खाली पायवाटेवर एक तपकिरी डबकं साचलेलं. बंड्याने मान खाली घातली. दुसऱ्या डोसानंतरही संरक्षण पुरतं उभं राहायला काही दिवस लागतात, हे मला आता ठाऊक होतं. मी पट्टा ओढला.