आधी कोणाचा हात रिकामा करायचा?

स्वतःच्या घरात, स्वतःच्या जीवाच्या रक्षणासाठी हत्यार बाळगण्याचा माणसाला हक्क आहे काय? आणि तो मिळाला, तर गरीब वस्तीतल्या माणसाचा जीव खरोखर वाचतो काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका कृष्णवर्णीय वृद्धाने लढविलेला खटला त्यासाठी आपल्या वाचकांनी समजून घ्यायला हवा.

त्यांचे नाव ओटिस मॅकडोनल्ड. जन्म १९३३ चा, लुईझियाना राज्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. सतराव्या वर्षी त्यांनी गाव सोडले. पुढे शिकागो विद्यापीठात झाडलोटीच्या कामापासून सुरुवात करून ते देखभाल विभागात वरच्या पदापर्यंत चढले. १९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी मॉर्गन पार्क या वस्तीत घर घेतले. पुढे वस्ती पालटली. गर्द विकणाऱ्या टोळ्या आल्या, घरफोड्या वाढल्या. मॅकडोनल्ड यांचे घरही अनेकदा फोडले गेले. त्यांच्याकडे शिकारीच्या लांब बंदुका होत्या, पण अपरात्री झोपेतून उठून म्हाताऱ्या हातांनी त्या पेलायच्या कशा? त्यांना उशाशी पिस्तूल हवे होते. शिकागोत मात्र १९८२ पासून नव्या पिस्तुलांची नोंदणीच बंद होती आणि विनानोंदणी पिस्तूल ठेवणे हा गुन्हा होता.

२००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराची पिस्तूलबंदी रद्द केली. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे त्या निकालात ठरले. परंतु वॉशिंग्टन हा संघ सरकारचा प्रदेश. हा हक्क राज्यांवर व शहरांवर बंधनकारक आहे की नाही, हा प्रश्न शिल्लक होता. त्यासाठी मॅकडोनल्ड आणखी काही रहिवाशांसह न्यायालयात गेले. २८ जून २०१० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले.

बंदीचा जुना इतिहास

या निकालामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा होता. १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिक मानण्यास नकार देताना सरन्यायाधीश टॅनी यांनी एक कारण असे दिले होते की, नागरिक ठरले तर त्यांना हत्यारे बाळगण्याचाही हक्क मिळेल! गुलामगिरी संपली आणि १८६५ सालीच मिसिसिपी राज्याने कायदा केला की, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने परवान्याशिवाय बंदूक ठेवू नये. गोऱ्यांच्या बंदुका मात्र जागच्या जागी राहिल्या. परिणाम काय झाला? १८७३ साली लुईझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. कित्येकांना शरण आल्यानंतर मारले. त्यातील आरोपींची शिक्षा १८७६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. हत्यार बाळगण्याचा हक्क केवळ संघ सरकारला बांधतो, राज्यांना वा खासगी व्यक्तींना नाही, असे न्यायालय म्हणाले. ही जुनी अडचण २०१० साली दूर झाली. ती दूर करण्यास निमित्त झाले ते त्याच लुईझियानाच्या शेतमजुराचे पोर!

१९५६ साली माँटगोमेरीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. पुढे त्यांनी हत्याराचा मार्गच सोडला. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा १९६७ साली कॅलिफोर्नियाने तातडीने कायदा करून त्याला बंदी घातली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव याच चळवळीवरून घेतले, हे वाचक जाणतातच.

नाण्याची दुसरी बाजू

आता दुसरा प्रश्न. पोलीस वेळेवर येत नाहीत, म्हणून लोक पिस्तूल मागतात. कोलोरॅडोतील एका आईजवळ पतीविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश होता. १९९९ साली पतीने तिच्या तीन मुली पळविल्या. तिने पोलिसांना पुन्हा पुन्हा विनविले, ते हलले नाहीत. तिन्ही मुली मारल्या गेल्या. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता. अशा देशात माणूस उशाशी पिस्तूल शोधणार नाही तर काय करणार?

पण घरात आलेले पिस्तूल केवळ चोरावरच सुटत नाही. आमच्या माताभगिनींनी हे आकडे जरूर पाहावेत. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित वैद्यकीय अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे पावणेतीनपट आढळला, आणि मारणारा बहुधा घरचा वा ओळखीचाच होता. निकालानंतर शिकागोही शांत झाले नाही. २०१६ साली तेथे साडेसातशेहून अधिक खून झाले, बळी बहुसंख्य कृष्णवर्णीय. यात निकालाचा दोष किती, यावर वाद आहे. परंतु पिस्तुलाच्या हक्काने वस्ती सुरक्षित झाली, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

शिवाय कागदावरचा हक्क सर्वांना सारखा असतो का? २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसाने अडविली. आपल्याजवळ परवान्याची बंदूक आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. २०१७ साली तो पोलीस निर्दोष सुटला.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात हत्यार हा मूलभूत हक्क नाही. १९५९ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे शासनाने आधी शोधावीत. तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने गरज पडल्यास रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. त्यानंतर, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असा क्रम त्यात आहे.

या क्रमातच शहाणपण आहे. अमेरिकेने आधी दुबळ्याचा हात रिकामा केला, नंतर सर्वांच्याच हाती बंदुका दिल्या. आपला नियम आधी जुलूम करणाऱ्याचा हात रिकामा करायला सांगतो. म्हणून आपली पहिली मागणी पिस्तुलाची नसावी, नियम ३ च्या अंमलबजावणीची असावी. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी, असा नियम आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. आपल्या जिल्ह्यात किती क्षेत्रे निश्चित झाली, किती परवाने रद्द झाले, हे तेथे लेखी विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.