पेटीतली काळी गोटी

माणेकजी करसेटजी म्हणजे मुंबईतले वजनदार पारशी गृहस्थ. इंग्रजी उत्तम, साहेबलोकांत ऊठबस. पुढे ते स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशही झाले. त्यांनी मुंबईतल्या 'पर्सिव्हिअरन्स' या फ्रीमेसन लॉजकडे, म्हणजे त्या बंधुसंघाच्या शाखेकडे, अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. लॉजच्या नावाचा अर्थ चिकाटी. ती निघाली अर्जदारापाशी. युरोपात गेल्यावर त्यांनी इंग्लंडचे ग्रँड मास्टर ड्यूक ऑफ ससेक्स यांच्यापर्यंत हे गाऱ्हाणे नेले, आणि अखेर पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेतली. मेसन होऊन मुंबईला परतले, पुन्हा तेच दार ठोठावले. पुन्हा नकार.

का, ते कुणी सांगायचे नसते. फ्रीमेसनांच्या गुप्ततेविषयी आपण ऐकतो ते तलवारी, कवट्या आणि खुणेचे हस्तांदोलन. खरे गुपित मात्र एका लाकडी पेटीत असते.

रीत अशी, की लॉजने आपणहून कुणाला बोलवायचे नाही. इच्छुकाने ओळखीच्या मेसनला विचारायचे. मग एक सूचक, एक अनुमोदक, लेखी अर्ज, ज्येष्ठांसमोर मुलाखत. वय साधारण एकवीस पूर्ण हवे, चारित्र्य स्वच्छ हवे आणि ईश्वरावर श्रद्धा हवी. कोणत्या ईश्वरावर, हे विचारत नाहीत. त्यानंतर सभेत पेटी फिरते. प्रत्येक जण भोकातून हात आत घालतो आणि पांढरी किंवा काळी गोटी टाकतो. इंग्लिश घटनेप्रमाणे तीन काळ्या गोट्या पडल्या की अर्ज बाद. एखादे लॉज आपल्या पोटनियमाने दोन किंवा एकीवरही बाद करू शकते. हात कुणाचा होता, हे कळायला मार्ग नाही.

पेटीतून पार पडलेल्याची दीक्षा नाट्यमय असते खरी. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन टायलर, म्हणजे पहारेकरी. उमेदवाराच्या अंगावरचे पैसे, घड्याळ, अंगठी, जे जे धातूचे ते काढून घेतात. उजवा हात उघडा, डावी छाती उघडी, डावा गुडघा उघडा, उजव्या पायातला जोडा टाचेपाशी दुमडलेला. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरीचा फास. दारावर तीन टकटकी होतात, आत पाऊल टाकताच उघड्या छातीला टोकदार हत्यार टेकते. मग त्याला लॉजभर फिरवतात, गुडघ्यावर बसवतात आणि धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ देववतात. गुपित फोडले तर गळा चिरला जाईल, अशी भाषा इंग्लिश शपथेत १९८६ पर्यंत होती. शपथेनंतर विचारतात, तुला आता सर्वांत जास्त काय हवे? उत्तर ठरलेले: प्रकाश. पट्टी सुटते.

यातला मला आवडणारा भाग पुढचा आहे. नव्या बंधूकडे दानासाठी हात पसरतात. खिशात दमडी नाही, सगळे बाहेर काढून घेतलेले. ओशाळून तो नाही म्हणतो, तेव्हा त्याला सांगतात की नडलेला माणूस दारी आला तर हा क्षण आठव. कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन त्याआधीच कमरेला बांधलेला असतो, आणि तो 'एंटर्ड अप्रेंटिस' झालेला असतो, म्हणजे पाथरवटाकडचा शिकाऊ. पुढे 'फेलो क्राफ्ट' आणि 'मास्टर मेसन' अशा आणखी दोन पायऱ्या. वारकऱ्याची माळ किंवा उस्तादाचा गंडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात फारसे परके काही वाटू नये. आणि हे विधी म्हणे गुप्त! सॅम्युअल प्रिचर्डने ते १७३० सालीच लंडनमध्ये छापून विकले होते.

आपल्याकडच्या लोकांना मात्र बंद दाराआडचे काही दिसत नव्हते, म्हणून त्यांनी लॉजला 'जादूघर' म्हटले. मुंबईकडे तर 'शैतानखाना'.

माणेकजींना वाट मिळाली ती डॉ. जेम्स बर्न्समुळे. हे भूजच्या रेसिडेन्सीत सर्जन होते. १८४१ मध्ये काबूलला मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स त्यांचे भाऊ. पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजांची सूत्रे जेम्स यांच्या हाती होती. जुनी पेटी बदलता येईना, तेव्हा त्यांनी नवी पेटी मांडली: डिसेंबर १८४३ मध्ये मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे एतद्देशीयांसाठीचे लॉज निघाले. प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा पुढे याच लॉजचे. त्यांच्या मेसनरीच्या गौरवार्थ १९०७ मध्ये जीवनजी मोदींनी संपादिलेला ग्रंथही निघाला.

पारशी आणि मुसलमान आत आले. हिंदूंचे घोडे अडले. देव अनेक, मूर्ती अनेक, शिवाय जातीचे सोवळे. असा माणूस विश्वाच्या एकाच महान शिल्पकाराला कसा मानणार आणि बंधूंच्या पंगतीला कसा बसणार, असा युक्तिवाद होता. पंक्तिभेदाचा आक्षेप निदान समजण्यासारखा. पण देवांच्या संख्येवरून जे बोलत होते, त्यांनी उपनिषदांचे पान उलटले नव्हते. कलकत्त्याचे व्यापारी प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि १८७२ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. नऊ वर्षे! त्यानंतर बाराच वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त नावाचा तरुण मेसन झाला. जग त्याला विवेकानंद म्हणून ओळखते.

ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना १९६१ ची. तिच्या वेदीवर गीता, बायबल, कुराण, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता असे पाच ग्रंथ असतात. उमेदवाराने आपला निवडून त्यावर हात ठेवायचा. पण तिथवर पोहोचण्याआधी पेटी आजही फिरते, आणि आत गेलेला हात कुठल्या रंगाची गोटी सोडून आला, हे शेजारी बसलेल्या बंधूलाही दिसत नाही.