पूरकाळ आणि पांजरपोळातील जनावरे

गावात पुराचे पाणी शिरू लागले की शेतकरी गोठ्याकडे धाव घेतो आणि जनावरांची दावी सोडतो. पांजरपोळातील जनावरांना असा धनी नसतो. म्हातारी, लंगडी, आंधळी अशी ही जनावरे. दावे सुटले तरी त्यांपैकी कित्येकांना स्वतःच्या बळावर उंच जागा गाठता येत नाही. म्हणूनच त्यांना सर्व जनावरांच्या आधी हलविणे अगत्याचे ठरते.

कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. इशारा आणि धोका यांमधील चार फूट पाणी चढण्यास लागणारा वेळ, हाच नदीकाठच्या पांजरपोळाच्या हाती असलेला अवधी होय. त्या अवधीत दुबळी जनावरे वाहनातून हलवावीत. उरलेली बांधलेली ठेवू नयेत.

यासाठी उंचावरील जागा, वाहने व कोरडा चारा यांची तजवीज पावसाळ्यापूर्वीच व्हावी. घटसर्प व फऱ्या या रोगांची लसही तेव्हाच टोचून घ्यावी. पूर ओसरल्यावर बुरशी आलेला चारा घालू नये. उपाशी जनावरास एकदम धान्य न देता प्रथम स्वच्छ पाणी व थोडा कोरडा चारा द्यावा. खूर व जखमा पशुवैद्यकाकडून तपासून घ्याव्यात.

ग्रामपंचायतीच्या पूर आराखड्यात पांजरपोळातील जनावरांची संख्या आणि ती हलविण्याची जबाबदारी कोणाची, याची नोंद असणे आवश्यक आहे.