पन्नास रुपयांचा शिक्का

सकाळी ७.३०

कॅनडात रात्र झाली की तिकडची मंडळी निवांत होतात आणि आमचे फोन सुरू होतात. आज टोरांटोहून एक ताई बोलत होत्या. साताऱ्याकडची वडिलोपार्जित जमीन विकायची आहे, त्यासाठी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं, पण भारतीय वाणिज्य दूतावासात कधी जाणं होणार, या काळजीत त्या होत्या. त्यांना म्हटलं, "ताई, ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा ॲपोस्टिलच्या हेग करारात आहे, म्हणून दूतावासात जायची गरज नाही. तिथल्या नोटरीपुढे सही करा, ओंटारिओ सरकारकडून त्यावर ॲपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, घ्या आणि मूळ कागद भावाला पाठवा." पुढची गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगते. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. यात हयगय झाली की दंड बसतो आणि व्यवहार अडकतो.

सकाळी १०

मुंबईत फोर्टमधल्या आमच्या छोट्या कार्यालयात आत येणाऱ्याला आधी दरपत्रक दिसतं. त्यात तीन रकाने आहेत : सरकारी शुल्क, अधिकृत एजन्सीचं सेवाशुल्क आणि आमची मजुरी. पहिल्या रकान्यात ॲपोस्टिलसमोर ५० रुपये आणि पासपोर्ट कार्यालयाच्या पोलीस क्लिअरन्ससमोर ५०० रुपये लिहिलंय. ५० हा आकडा वाचून लोक थबकतात, कारण याच शिक्क्यासाठी बाहेर कुणीतरी त्यांना काही हजार सांगितलेले असतात.

परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून हे कागद थेट लोकांकडून न घेता नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं, त्यामुळे तिचे पैसे वेगळे लागतात. राज्याच्या मंत्रालयातले हेलपाटे, रांगा, कुरिअर यांचे पैसे आम्ही घेतो. कष्टाचे पैसे मागण्यात गैर काहीच नाही. आपली मजुरी ‘सरकारी फी’ म्हणून सांगणं मात्र गैर आहे, आणि या धंद्यात ते सर्रास चालतं.

सकाळी ११.३०

चिपळूणकडचे दोन मित्र आले. एकाच कॉलेजचे इंजिनीअर, पदवीही एकच. एकाला मस्कतची नोकरी लागली आहे, दुसऱ्याला दुबईची. दुबईवाल्याने खर्चाचा कागद पाहिला आणि विचारलं, "मॅडम, माझेच जास्त कसे?"

ओमान २०१२ पासून हेग करारात आहे. तिथे जाणाऱ्या पदवीवर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल, की काम झालं. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. त्यामुळे तिथे जुनी साखळी चालते. राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग अमिरातीच्या वकिलातीची मोहोर आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याची मोहोर, जिचे एका कागदाला १५० दिरहम पडतात. गंमत म्हणजे आपलं मंत्रालय साध्या अटेस्टेशनला स्वतःचं शुल्कच घेत नाही. खर्च वाढतो तो परक्या वकिलातीच्या टप्प्यावर. आपल्या शुल्काचा दर ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. वाणिज्य दूतावासांना असं शुल्क घेण्याची मुभा १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३९ व्या कलमाने दिली आहे. मी हे सगळं कागदावर टप्प्याटप्प्याने मांडून दिलं. पोराचा चेहरा सैल झाला. पैसे तेवढेच लागणार होते, पण कुठे जाणार हे आता त्याला ठाऊक होतं.

दुपारी १

तयार होऊन आलेले कागद तपासायची ही वेळ. एकेक प्रमाणपत्र उलटं करून मागचा शिक्का वाचते. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, माथ्यावर फ्रेंचमध्ये कराराचं नाव आणि ५ ऑक्टोबर १९६१ ही तारीख, खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. देश कोणता, सही कुणाची, कोणत्या अधिकारात, शिक्का कुठला, ॲपोस्टिल कुठे आणि कधी दिलं, कुणी दिलं, नंबर काय. नावाची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडते, मग तो नंबर ऑनलाइन टाकून पाहते.

लोकांचा एक समज इथे रोज दूर करावा लागतो. ॲपोस्टिल सांगतं ते एवढंच की कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर खरा असल्याची हमी ते देत नाही. कुणी कितीही पैसे घेतले तरी या शिक्क्याने खोटी पदवी खरी होत नाही.

दुपारी ३

सांगलीची एक नर्स आईला घेऊन आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनीची चौकशी वाढली आहे. तिच्या सगळ्या मार्कशीटवर ॲपोस्टिल होतं. एका दलालाने भरपूर पैसे घेऊन ते करून दिलं होतं. पावती नव्हती.

भारत २००५ मध्ये हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. म्हणून या दोन देशांमध्ये ॲपोस्टिल लागू होत नाही. जर्मन कार्यालयाला भारतीय कागदाची खात्री हवी असेल तर ते त्यांच्या वकिलातीमार्फत पडताळणी करून घेतं. हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "गळ्यातलं मोडून दिले होते," एवढंच त्या बोलल्या. मला संताप येतो तो अशा वेळी. त्या दलालाने एक पावती दिली असती, त्यावर देशाचं आणि शिक्क्याचं नाव लिहिलं असतं, तर ही फसवणूक पहिल्याच दिवशी कुणी जाणत्याने ओळखली असती. मुलीकडून आम्ही काही घेतलं नाही. जर्मन कार्यालयाचं पत्र आल्याशिवाय आणखी एक रुपया खर्च करायचा नाही, हे तिच्या वहीत लिहून दिलं.

संध्याकाळी ५

रत्नागिरी जिल्ह्यातून फोन. आखातात राबणारा भाऊ गेला. मालक हात वर करतोय, मृतदेह आणायला किती लाख लागतील, असं विचारत होते. मी म्हटलं, "दादा, कुणालाही पैसे पाठवू नका. आधी तिथल्या आपल्या दूतावासाला कळवा."

२००९ पासून भारतीय दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परदेशात पासपोर्टचं वा अटेस्टेशनचं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाकडून त्यासाठी थोडी रक्कम घेतली जाते, अमेरिकेत २ डॉलर, अमिरातीत ८ दिरहम. कुटुंबाची ऐपत नसेल आणि मालक जबाबदारी घेत नसेल, तर पात्र प्रकरणात मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च या निधीतून होऊ शकतो. पासपोर्ट नवा करून घेणारा कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर आठ दिरहम देतो, आणि त्यातून अनोळखी माणसाचा अखेरचा प्रवास होतो. शुल्क असावं तर असं. मी त्यांना अर्जाचा मसुदा आणि सोबत जोडायच्या कागदांची यादी पाठवली.

रात्री ८

हिशेब लावते. प्रत्येक फाईलला तीन पावत्या जोडते : सरकारची, एजन्सीची, आमची. एखादी कमी असेल तर फाईल बंद होत नाही.

परदेशी जाणारा माणूस बहुधा कर्ज काढून निघतो. कुठल्याही दुकानात कागद देण्याआधी त्याने दोन प्रश्न विचारावेत : माझा देश हेग करारात आहे का, आणि तुमच्या रकमेत सरकारचे किती? उत्तर लेखी मिळत नसेल, तर मूळ कागद हातातून सोडू नयेत. सरकारनेही प्रत्येक एजंटाला हे तीन रकाने दारावर लावणं सक्तीचं करावं. त्याला लागतो एक फळा आणि खडू.