विश्लेषण : मुदत संपलेली डोमेन नावे कोण विकत घेते? त्यांचे गुगलमधील ‘वजन’ कसे तपासतात?

शाळेच्या जुन्या स्मरणिकेत छापलेला संकेतस्थळाचा पत्ता उघडावा आणि समोर शाळेऐवजी ऑनलाइन कॅसिनोची जाहिरात यावी, असे होऊ शकते. अशा वेळी संकेतस्थळ हॅक झाल्याचा संशय आधी येतो. अनेकदा मात्र हॅकिंग झालेलेच नसते. वर्षाला हजार-दीड हजार रुपयांचे नूतनीकरण राहून जाते, नाव मोकळे होते आणि दुसरे कोणी तरी ते रीतसर विकत घेते. मुदत संपलेल्या अशा नावांचा मोठा बाजार जगभर चालतो. त्यात नावापेक्षा त्या नावाला मिळालेल्या विश्वासाची किंमत होते. हा विश्वास मोजतात कसा आणि तो खरोखर विकत घेता येतो का?

विकले नेमके काय जाते?

डोमेन नाव कोणाच्याही कायम मालकीचे नसते. ते एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते आणि नूतनीकरण होईपर्यंतच आपले असते. ‘डॉट कॉम’सारख्या नावांचे नियम आयकॅन ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. ‘डॉट इन’चे व्यवस्थापन भारतात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच ‘निक्सी’ पाहते.

जुन्या नावाला किंमत येते ती लिंकमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीचा गाभा साधा होता. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही एक प्रकारची शिफारस मानायची आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी ती शिफारसही वजनदार धरायची. आज गुगल क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहते, तरी लिंकचे महत्त्व संपलेले नाही.

मेख अशी की लिंक पत्त्याला दिलेली असते, पत्त्यामागच्या माणसाला नाही. विद्यापीठाने, वृत्तपत्राने किंवा विकिपीडियाने दहा वर्षांपूर्वी एखाद्या संस्थेला दिलेली लिंक ती संस्था बंद पडल्यावरही तशीच राहते. नाव दुसऱ्याच्या हाती गेले की या शिफारशींची वाट नव्या मालकाच्या दारात जाते.

मुदत संपल्यावर नाव लगेच मोकळे होते का?

नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी नोंदणी कंपनीने, म्हणजे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा तीन सूचना पाठवणे आयकॅनच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यानंतर शून्य ते ४५ दिवसांचा सवलतीचा काळ असतो. तो नेमका किती, हे रजिस्ट्रारवर अवलंबून असते. या काळात संकेतस्थळ आणि ईमेल बंद पडू लागतात. मालकाला चूक कळते ती बहुधा इथेच.

रजिस्ट्रारने नाव रद्द केले की ३० दिवसांचा ‘रिडम्प्शन’ काळ सुरू होतो. जुन्या मालकाला नाव अजूनही परत मिळू शकते, मात्र त्यासाठी नेहमीच्या नूतनीकरणापेक्षा बरेच जास्त शुल्क पडते. शेवटचे पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे. त्यात कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव यादीतून निघते आणि जो पहिला मागेल त्याचे होते.

मोक्याची नावे सहसा इतक्या टोकापर्यंत जातच नाहीत. अनेक रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच ती लिलावात काढतात. जी निसटतात, ती पकडण्यासाठी ‘ड्रॉप-कॅचिंग’ करणाऱ्या कंपन्या टपलेल्या असतात. त्यांचे संगणक नाव मोकळे होताच नोंदणीची मागणी पाठवतात. हाताने टाइप करून नाव मिळवू पाहणारा सामान्य ग्राहक या शर्यतीत टिकत नाही.

या दोन वाटांमधला फरक खरेदीदाराला महत्त्वाचा वाटतो. लिलावात घेतलेल्या नावाची मूळ नोंदणी तारीख सहसा कायम राहते. पूर्ण रद्द होऊन नव्याने नोंदवलेल्या नावाची तारीख मात्र नव्याने सुरू होते. म्हणून ‘२००६ पासूनचे नाव’ अशी जाहिरात दिसली, तर आधी नोंदणीची अधिकृत माहिती पडताळून पाहावी.

‘वजन’ मोजण्याचे आकडे कोणते?

या बाजारात तीन-चार आकड्यांची चलती आहे. मोझ कंपनीची ‘डोमेन अथॉरिटी’, अहरेफ्सचे ‘डोमेन रेटिंग’, मॅजेस्टिकचे ‘ट्रस्ट फ्लो’ आणि ‘सायटेशन फ्लो’. हे सर्व आकडे शंभरपर्यंतच्या पट्टीवर असतात. कंपन्या स्वतःची यंत्रणा लावून इंटरनेटवरच्या लिंक गोळा करतात आणि त्यांवरून हा अंदाज काढतात.

यातला एकही आकडा गुगलचा नाही. पेजरँकचा आकडा लोकांना दाखवणे गुगलने २०१६ मध्ये पूर्णपणे थांबवले. गुगल क्रम ठरवताना डोमेन अथॉरिटी वापरत नाही, हे खुद्द मोझही सांगते. शिवाय असे आकडे फुगवता येतात. स्वस्तात मिळालेल्या लिंकचा ढीग रचला किंवा दुसरी जुनी नावे या नावाकडे वळवली की आकडा चढतो, प्रत्यक्षातला विश्वास नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. पहिल्या नावाचा गुणांक ४५ आहे आणि त्याला १२,००० लिंक आहेत, पण त्या अवघ्या नऊ संकेतस्थळांवरून आल्या आहेत. एखाद्या संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी तीच लिंक टाकली की हजारांचा आकडा सहज होतो. दुसरे नाव सह्याद्रीतल्या एका बंद पडलेल्या गिर्यारोहण संस्थेचे. त्याचा गुणांक १८ आणि लिंक २४०, पण त्या वृत्तपत्रे, महाविद्यालये, भटकंतीच्या नोंदी अशा ८५ वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या. लिलावात पहिल्या नावाची बोली चढण्याची शक्यता अधिक. तरीही जाणकार दुसऱ्याकडे वळेल. त्यामागे खरी माणसे आणि खरे कारण आहे.

आकड्यापलीकडे काय तपासावे?

पहिली तपासणी इतिहासाची. इंटरनेट अर्काइव्ह या ना-नफा संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’वर जुन्या संकेतस्थळांची वेळोवेळी टिपलेली रूपे पाहता येतात. २००१ पासून ही सोय सर्वांना खुली आहे. पाच वर्षे ग्रंथालयाचे असलेले नाव मधल्या दोन वर्षांत परदेशी भाषेतल्या औषधांच्या दुकानाचे झालेले दिसले, तर ते नाव याआधीच एकदा वापरून टाकलेले आहे असे समजावे.

दुसरी तपासणी लिंकच्या शब्दांची. ज्या शब्दांवर लिंक दिलेली असते, त्यांना ‘अँकर टेक्स्ट’ म्हणतात. खऱ्या संस्थेला येणाऱ्या लिंकमध्ये बहुधा संस्थेचे नाव, पत्ता किंवा ‘येथे पाहा’ असे शब्द असतात. त्याऐवजी ‘झटपट कर्ज’, ‘कॅसिनो बोनस’ असे शब्द पुन:पुन्हा आढळले, तर लिंक पेरलेल्या आहेत हे उघड होते.

तिसरी तपासणी गुगलच्या नोंदीची. शोधचौकटीत ‘साइट’ या आज्ञेसह नाव टाकले की त्याची किती पाने गुगलच्या यादीत आहेत याचा अंदाज येतो. बराच काळ बंद असलेल्या नावाचे एकही पान न दिसणे स्वाभाविक आहे, पण चालू असलेल्या संकेतस्थळाचे एकही पान नसेल तर ते धोक्याचे लक्षण. स्पॅमहाउसच्या काळ्या यादीत आणि गुगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ तपासणीतही नाव पाहून घ्यावे. काळ्या यादीतल्या नावावरून पाठवलेले ईमेल ग्राहकापर्यंत पोहोचतच नाहीत.

चौथी तपासणी कायद्याची. नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते असेल, तर पैसे देऊन घेतलेले नावही हातचे जाऊ शकते. ‘रेडिफ’शी साधर्म्य असलेल्या ‘रॅडिफ’ या नावाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा घेतली.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी बाहेरून तपासता येत नाही. गुगलच्या कर्मचाऱ्यांनी एखाद्या संकेतस्थळावर केलेली कारवाई केवळ मालकालाच ‘सर्च कन्सोल’मध्ये दिसते. म्हणून विक्रेता अजून मालक असेल, तर ते पान दाखवण्याचा आग्रह धरावा. नाव आधीच घेतले असेल, तर दोष दूर करून फेरविचाराचा अर्ज गुगलकडे करता येतो.

गुगलचे धोरण काय?

गुगलने ५ मार्च २०२४ रोजी स्पॅमविषयक धोरणात मोठे बदल जाहीर केले. त्यात ‘एक्स्पायर्ड डोमेन अब्यूज’ हा स्वतंत्र प्रकार आला. शोधात वरचा क्रम मिळवण्याच्या मुख्य हेतूने मुदत संपलेले नाव घ्यायचे आणि त्यावर वाचकाला फारसा उपयोग नसलेला मजकूर टाकायचा, हा त्यानुसार स्पॅम ठरतो. गुगलने दिलेली उदाहरणे बोलकी आहेत : एकेकाळच्या प्राथमिक शाळेच्या पत्त्यावर कॅसिनोचा मजकूर, वैद्यकीय धर्मादाय संस्थेच्या पत्त्यावर औषधी उत्पादनांची विक्री, सरकारी संस्थेच्या पत्त्यावर दलालीचा मजकूर.

जुने नाव घेणे हाच गुन्हा आहे, असे मात्र गुगल म्हणत नाही. त्या नावावर वाचकांसाठी खरोखर नवे, उपयोगी संकेतस्थळ उभे करायला हरकत नाही. म्हणजे गिर्यारोहण संस्थेचे नाव घेऊन कोणी गडवाटांची माहिती देणार असेल तर ते चालते. त्याच नावावर कर्जाच्या जाहिराती चालत नाहीत.

मग फसवणूक थांबली का?

‘द हेअरपिन’ हे महिलांच्या लेखनासाठी गाजलेले अमेरिकी संकेतस्थळ २०१० मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये बंद पडले. पुढे त्याचे नाव सर्बियातील एका व्यावसायिकाने घेतले आणि त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर भरला. जुने काही लेख ठेवले, पण लेखिकांच्या नावांच्या जागी पुरुषांची नावे आली. ‘वायर्ड’ने २०२४ च्या सुरुवातीला हे प्रकरण उजेडात आणले. त्याच वर्षी ‘टीयूएडब्ल्यू’ या अॅपलविषयक जुन्या संकेतस्थळाचे नावही नव्या मालकाकडे गेले आणि यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर तिथल्या माजी पत्रकारांची खरी नावे झळकली. मजकूर लिहायला आता जवळजवळ खर्च येत नाही. त्यामुळे ज्यावर तो टाकायचा, त्या विश्वासार्ह पत्त्याला उलट भाव आला आहे.

धोका केवळ वाचकाला नाही. नावाबरोबर त्यावरचे ईमेलही नव्या मालकाकडे जातात. बंद पडलेल्या नवउद्योगाचे डोमेन घेऊन माजी कर्मचाऱ्यांचे ईमेल पुन्हा तयार करता येतात आणि ‘साइन इन विथ गुगल’मधून त्या कंपनीच्या स्लॅक, झूमसारख्या खात्यांत शिरता येते, हे ट्रफल सिक्युरिटीच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये दाखवून दिले.

महाराष्ट्रात कोणी सावध राहावे?

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. हे नाव बँकांखेरीज कोणाला मिळत नाही, त्यामुळे नवा पत्ता सुरक्षित आहे. प्रश्न जुन्या पत्त्याचा. पासबुकावर, धनादेशावर, शाखेच्या पाटीवर अनेक वर्षे छापलेला ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ पत्ता ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून दिला, तर तो कोणीही घेऊ शकतो. बनावट बँकेला याहून सोयीची जागा कोणती?

शाळा, वाचनालये, पतसंस्था, साहित्य मंडळे यांची अडचण वेगळी आहे. संकेतस्थळ बनवून देणाऱ्यानेच नाव स्वतःच्या खात्यावर नोंदवलेले असते. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या ईमेलवर जातात. तो व्यवसाय सोडून गेला किंवा विश्वस्त मंडळ बदलले की सूचना वाचणारे कोणी उरत नाही.

उपाय महागडे नाहीत. नोंदणी संस्थेच्या नावावर आणि दोन पदाधिकाऱ्यांना पाहता येईल अशा ईमेलवर असावी. हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण नाव बंद पडले की सूचनाही बंद. आपोआप नूतनीकरण सुरू ठेवून कार्डाची मुदत तपासत राहावी. शक्य असल्यास एकदम पाच-दहा वर्षांचे पैसे भरावेत. संकेतस्थळ बंद करायचे ठरले तरी नाव काही वर्षे ताब्यात ठेवावे, त्यावरचे ईमेल ज्या ज्या खात्यांना जोडलेले आहेत ते बदलावेत आणि लिंक देणाऱ्यांना कळवावे.

जुने नाव विकत घेऊ पाहणाऱ्यालाही एकच प्रश्न पुरेसा आहे : या पत्त्यावर येणारा माणूस काय शोधत येईल, आणि ते त्याला आपण देणार आहोत का? उत्तर ‘नाही’ असेल, तर गुणांक कितीही असो, ते पैसे बहुधा पाण्यात जातील.